वीकनेसचा रकाना

अगं, तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण मोबाइलवर एवढं टाइप करणं माझ्याच्याने होत नाही म्हणून आता सकाळी लॅपटॉप उघडून बसलेय. तर नॅकचं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून मान्यता देणाऱ्या संस्थेचं, काम आलं तुझ्याकडे, आणि त्यातही कुणी घेत नाही ते, एसएसआरच्या (कॉलेजने स्वतःबद्दल लिहून द्यायच्या अहवालाच्या) सुरुवातीचा सारांश आणि त्यातला स्वॉक, म्हणजे स्ट्रेंग्थ, वीकनेस, ऑपॉर्च्युनिटी, चॅलेंज. नवीन माणसाच्या गळ्यात हेच मारतात. सगळ्यांना वाटतं त्यात काय, चार ओळी स्ट्रेंग्थ, चार ओळी वीकनेस, गेल्या वेळचं कॉपी-पेस्ट करायचं आणि कॉलेजचं नाव तेवढं बघून घ्यायचं. (नावाचं मी गमतीत म्हणत नाहीये, भलत्याच कॉलेजचं नाव तसंच राहिलेला मसुदा मी या डोळ्यांनी पाहिलाय.)

तू विचारलंयस की वीकनेसमध्ये असं काय लिहू म्हणजे मार्क जाणार नाहीत. तर आधी हे डोक्यातून काढ. मार्क आहेत सात क्रायटेरियांना, म्हणजे निकषांना, सगळे मिळून १०००, आणि स्वॉक त्या हजारात कुठेच नाही. मार्क जायचे ते आधीच गेलेले असतात. तुमच्यासारख्या संलग्न कॉलेजला एकट्या क्रायटेरिया टूचे, म्हणजे शिकवणं-शिकणं-मूल्यमापनाचे, ३५० आहेत, आणि त्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, नेट-पीएचडी झालेले किती, पास किती झाले हे सगळं आकड्यात द्यावं लागतं. २०१७ च्या पद्धतीपासून साधारण ७० टक्के मामला आकड्यांचाच झालाय, ते आकडे डीव्हीव्हीवाले, म्हणजे नॅकच्या वतीने पडताळणी करणारे, बाहेरच्या बाहेर तपासतात, कागद मागतात, पटलं नाही तर आकडा खाली आणतात, आणि मग कुठे पिअर टीम, म्हणजे बाहेरच्या प्राध्यापक मंडळींची तपासणी टीम, येते. म्हणजे टीम गेटमधून आत येते तेव्हा तुमचं दुखणं तिला माहीत असतं. समज तीस पदं मंजूर आणि भरलीत सतरा, आणि तू वीकनेसच्या रकान्यात लिहिलंस 'वाहन पार्किंगसाठी जागा अपुरी', तर त्यांना काय वाटेल? एकतर या कॉलेजला स्वतःचं काही कळत नाही, नाहीतर कळतं पण लपवतंय. आणि आपल्या रिपोर्टच्या शेवटी ते त्यांचा स्वॉक लिहितातच, तो वेबसाइटवर लागतो, तिथे पदांचं येणारच. मग तुम्ही आधी लिहिलेलं बरं ना, सोबत काय करतोय तेही लिहून.

आता बायनरीचं चाललंय. २०२४ च्या जानेवारीत नॅकने जाहीर केलं की ग्रेड जाऊन मान्यता आहे किंवा नाही एवढंच राहील आणि मग वरच्या पाच लेव्हल, त्यामुळे स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणेलच की थांबा, सगळंच बदलणार आहे, आत्ता कशाला मरमर करायची. लक्ष नको देऊस. फॉरमॅट कुठलाही येवो, कॉलेजला आपलं बरं-वाईट कागदावर मांडता यायला हवं, ते काम काही टळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो सांगू? वीकनेस आणि चॅलेंज यांत. लोक दोन्हीकडे तेच लिहितात, फक्त शब्द फिरवून. मी सोपं करून सांगते. जे आपल्या हातात आहे आणि आपण केलं नाही ते वीकनेस, जे आपल्या हातात नाही पण ज्याच्याशी रोज झुंजावं लागतं ते चॅलेंज. अभ्यासक्रम जुना आहे ही तुमची वीकनेस नाही, तो विद्यापीठाकडून येतो, तुम्ही त्यात एक ओळ बदलू शकत नाही. पण त्याला जोडून एखादा सर्टिफिकेट कोर्स पाच वर्षांत काढला नाही, ही वीकनेस. मुलं गरीब घरातली आहेत ही तर वीकनेस नाहीच नाही, आणि असं लिहिलेलं वाचलं की माझं डोकंच फिरतं, जणू मुलांमुळे कॉलेजचा ग्रेड गेला. मुलं ज्या वेळेला मोकळी असतात त्या वेळेला लायब्ररी बंद असते, ही वीकनेस.

भंवरकुआचंच घे, आपल्या इंदूरमधला तो कोचिंग क्लासचा भाग. आपल्याकडे प्रत्येक कॉलेजचं हे रडगाणं आहे की मुलं नाव इथे लावतात आणि बसतात भंवरकुआला पीएससीच्या क्लासमध्ये, बारानंतर वर्ग ओस. आता क्लास बंद करणं काही तुझ्या हातात नाही, ते चॅलेंज, मान्य. पण टाइमटेबल कुणी केलं? महत्त्वाचे पेपर दुपारी दोनला ठेवायचे आणि सकाळी आठला एनएसएसची मीटिंग, हे तर आपणच केलं ना. आणि मुलं तिथे जातात कारण तिथे दर आठवड्याला टेस्ट होते आणि पेपर तपासून परत मिळतो, आमच्याकडे इंटर्नलचा पेपर कधी परत मिळालाय असं एका तरी मुलाला विचारून बघ. तर हाजिरीची एकच गोष्ट, अर्धी चॅलेंजमध्ये जाईल आणि अर्धी वीकनेसमध्ये, आणि असं फोडून लिहिलेलं वाचलं की समोरच्याला कळतं या लोकांनी खरंच बसून विचार केलाय.

माहिती कुठून काढायची हे तू विचारलं नाहीस पण तेच खरं काम आहे. विभागप्रमुखांना 'आपापल्या विभागाच्या वीकनेस दोन दिवसांत पाठवा' असं सर्क्युलर काढू नकोस, सगळे 'स्मार्ट बोर्ड हवा' एवढंच लिहून पाठवतील. ऑफिसात जा आणि बाबूंकडून टीसीचं, म्हणजे कॉलेज सोडून जाणाऱ्यांच्या दाखल्यांचं, रजिस्टर मागून घे. मी एकदा ते घेऊन बसले होते. मोठं लांबट रजिस्टर, कोपरे झिजलेले, त्यात शेवटचा रकाना 'कारण'. वरपासून खालपर्यंत एकाच अक्षरात 'घरेलू कारण', 'घरेलू कारण', मध्ये कंटाळून नुसत्या दोन टिंबा-टिंबाच्या खुणा, म्हणजे वरीलप्रमाणे. फर्स्ट इयरनंतर गेलेल्या मुली निवडल्या, त्यातल्या ज्यांचे नंबर लागले त्यांना फोन लावले. सांवेर, देपालपूर, महूकडच्या बऱ्याच. कुणाचं लग्न ठरलं होतं हे खरंच, पण बाकीच्यांचं काय, तर सायन्सचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं आणि त्यानंतरच्या बसने घरी पोचायला अंधार व्हायचा म्हणून वडील नको म्हणाले. त्यात घरेलू काय आहे? प्रॅक्टिकलची बॅच सकाळी केली असती तर त्या राहिल्या असत्या. ही एक ओळ वीकनेसमध्ये लिहिलीस, 'बाहेरगावच्या मुलींच्या बसच्या वेळा लक्षात न घेता प्रॅक्टिकल लावली जातात, गळती वाढते, या सत्रापासून सकाळची बॅच', तर तिला वजन आहे. आणि क्रायटेरिया फाइव्हवाल्यांनाही, म्हणजे विद्यार्थ्यांना मदत आणि त्यांची प्रगती हा भाग लिहिणाऱ्यांनाही, ती कामाला येईल.

तसंच फीडबॅक फॉर्मचं. गठ्ठा उघडून स्वतः चाळ, एक्सेलची बेरीज नको बघूस. सलग वीस-पंचवीस फॉर्मवर एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या हाताने 'उत्कृष्ट'वर टिक असेल तर ते फॉर्म बाजूला ठेव आणि गप्प बस, कुणी केलं ते शोधू नकोस. वापरू मात्र नकोस. नॅक तुमच्या मुलांना थेट मेल पाठवून वेगळा सर्व्हे करतंच, आणि तिथलं उत्तर तुमच्या फॉर्मपेक्षा फारच वेगळं आलं की पंचाईत.

स्ट्रेंग्थबद्दल थोडंच सांगते. 'अनुभवी व समर्पित प्राध्यापकवर्ग' म्हणजे स्थळाच्या बायोडेटातलं 'गृहकृत्यदक्ष', सगळेच लिहितात आणि कुणी वाचत नाही. 'शहराच्या मध्यवर्ती ठिकाणी' ही पण काही कमाई नव्हे, जागा कुणीतरी आजोबांनी दान दिली. आणि इंदूरच्या कॉलेजांना तर एक खास रोग आहे, स्वच्छता. शहर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येत राहिलं, ते श्रेय नगर निगमचं आणि पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या लोकांचं, तुम्ही दोन डस्टबिन लावून त्यांचा जिओटॅग फोटो काढला म्हणून ती तुमची बेस्ट प्रॅक्टिस होत नाही. स्ट्रेंग्थ तीच लिही जिचा कागद तू पाच मिनिटांत टेबलावर ठेवू शकतेस आणि जी शेजारच्या कॉलेजच्या एसएसआरमध्ये जशीच्या तशी बसणार नाही. तुमच्याकडे ती आहे गं. ते बॉटनीचे सर मुलांकडून दर पावसाळ्यात हर्बेरियमच्या शीट्स करून घेतात, कपाट भरलंय, प्रत्येक शीटवर तारीख, जागा, मुलाचं नाव. एवढा पक्का पुरावा असलेलं दुसरं काही तुमच्या कॉलेजात नसेल, आणि गेल्या एसएसआरमध्ये त्याचा उल्लेखच नाही.

आता एक काम सगळ्यांच्या आधी कर. गेल्या वेळच्या पिअर टीमचा रिपोर्ट काढ आणि शेवटच्या शिफारशी वाच. त्यातली कुठली झाली, कुठली अर्धी, कुठलीला हात लागला नाही, समोर लिही. हे मी का सांगतेय, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजचं प्रकरण वाच कधीतरी. अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं म्हणजे दोन वर्षांची, फी कमी, प्रवेश सगळ्यांना खुला, नोकरी करून शिकणारी मुलं, आपल्यासारखीच गर्दी. तिथे मान्यता सरकार देत नाही, वेगळी कमिशनं देतात, पण ती गेली तर सरकारी आर्थिक मदत बंद आणि क्रेडिटला किंमत नाही, म्हणजे कॉलेज संपल्यातच जमा. २००६ मध्ये त्या कॉलेजला काही शिफारशी केल्या होत्या, २०१२ मध्ये कमिशन परत आलं तर त्यातल्या बऱ्याच तशाच पडलेल्या. २०१३ मध्ये निर्णय झाला की पुढच्या जुलैपासून मान्यता काढायची. आणि बोट शिकवण्यावर नव्हतं बरं का, पैशाचं नियोजन, निर्णय कोण घेतं, कारभार कसा चालतो, यावर होतं. मग कोर्टकचेऱ्या, शहराच्या वकिलाने कमिशनवरच दावा लावला, कोर्टाने कमिशनच्याही चुका काढल्या, शेवटी २०१७ च्या जानेवारीत मान्यता पुन्हा पक्की झाली, सात वर्षांसाठी. पण तोवर हजारो विद्यार्थी कमी झाले होते. कमिशनचं बरोबर की कॉलेजचं, यावर तिथे अजून भांडतात, माझं म्हणणं एवढंच की जुन्या शिफारशी कपाटात ठेवणं महागात पडतं. आपल्याकडे क्रायटेरिया सिक्स, म्हणजे कॉलेजचा कारभार, शेवटच्या आठवड्यात मिनिट्स लिहून भरतात, पाच वर्षांच्या मीटिंगा, कागद कोराकरकरीत आणि सह्या एकाच पेनाच्या. अशा फाइलला टीम हात लावते आणि बाजूला ठेवते, बोलत काही नाही.

राजकारणाचं तू घाबरत घाबरत लिहिलंयस, 'सिनिअर लोक नाराज होतील'. होतील. म्हणून माणसावर लिहू नकोस, व्यवस्थेवर लिही. 'कॉमर्स विभागाचे निकाल कमी' असं लिहिलंस तर विभागप्रमुख सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये जातील, 'फर्स्ट इयरच्या अकाउंट्समध्ये नापासांचं प्रमाण जास्त, त्या पेपरला कोड २८ चा (विद्यापीठाच्या नियमाने रीतसर नेमलेला) एकही शिक्षक नाही' असं लिहिलंस तर तेच विभागप्रमुख तुझ्या बाजूने बोलतील, कारण पद त्यांनाही हवंय. मसुदा मीटिंगमध्ये पहिल्यांदा बाहेर काढू नकोस, चारचौघांत कुणीच आपली वीकनेस मान्य करत नाही. आधी प्राचार्यांना एकटीने भेट, सकाळी, बाबू सह्यांच्या फाइली घेऊन यायच्या आत. त्यांना वीकनेस दाखवताना प्रत्येकीच्या पुढे काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत, आणि पैसे लागतात का, हे लिहिलेलं असू दे. पैसे न लागणाऱ्या वर ठेव. प्राचार्य मंडळींना त्या लगेच पटतात. एक-दोन ओळी ते काढायला सांगतील, काढू दे, पदांची मात्र काढू देऊ नकोस, ती तुमच्या आकड्यांत आहेच, लपत नाही.

किती लिहायच्या? पाच-सहा पुरेत. पंधरा वीकनेस लिहिल्या की तोही एक लपवण्याचाच प्रकार होतो, खरी एक त्यात बुडून जाते.

भाषा साधी ठेव. एसएसआर इंग्रजीत जाणार हे माहितेय, पण आधी मराठीत नाहीतर हिंदीत लिहून काढ, जसं मला बोलून सांगशील तसं, मग इंग्रजी कर. थेट इंग्रजीत बसलीस की ते 'समग्र विकास' छापाचं आपोआप उमटायला लागतं आणि अर्ध्या पानानंतर आपण काय म्हणत होतो तेच कळत नाही.

आईला सांग मी विचारलं म्हणून, तिची गुडघ्याची तक्रार कशी आहे ते पण कळव. मसुदा झाला की मला वर्डची फाइल पाठव, पीडीएफ नको, त्यात मला लाल रंगाने लिहायचंय. आणि सोबत पाच वर्षांची प्रवेशाची आणि टीसीची यादी जोड, नुसता मसुदा वाचून मी काही बोलणार नाही.