‘पुनर्जोडणी’ नव्हे, ‘सांधेबदल’

बडोद्यातल्या प्रतापनगरच्या एका ताईंनी विचारलं आहे: शाळेतल्या मुलांसाठी सौरस्फोटांवर मराठी भित्तिपत्रक करते आहे. ‘मॅग्नेटिक रिकनेक्शन’ला ‘चुंबकीय पुनर्जोडणी’ आणि ‘करंट शीट’ला ‘प्रवाह-चादर’ लिहिलं तर चालेल का?

ताई, पहिल्या शब्दाला माझा विरोध आहे. थकबाकी भरली की कापलेली वीज परत जोडून देतात, ती पुनर्जोडणी. तुटलं तेच पुन्हा जुळलं. सूर्यावर असं घडत नाही.

टेबलावर लोकरीचे दोन धागे शेजारी शेजारी उभे ठेवा, एक लाल, एक हिरवा. या चुंबकीय रेषा. स्फोटात उसळलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, वर जाताना त्यांना ताणत नेतो. लालची दिशा वर, हिरव्याची खाली. आता दोन्ही धागे मधोमध कापा. खालच्या लाल टोकाला खालचं हिरवं टोक बांधा, वरच्या लालला वरचं हिरवं. खाली कमान झाली, वर झोका. लाल लालला जुळलाच नाही, जोडीदार बदलले! ताणलेल्या रेषांत साठलेली ऊर्जा इथे मोकळी होते, तिची उष्णता आणि वेग होतो. कमानी खाली आकसतात आणि झळकतात, झोका वर फेकला जातो.

डभोईला लहानपणी छोट्या रेल्वेगाडीची वाट बघताना मी रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याला दांडा ओढताना बघत उभा राहायचो. खट् आवाज व्हायचा, रुळाची जीभ सरकायची आणि एका रुळाची सोबत सुटून दुसऱ्याशी जुळायची. म्हणून मी ‘सांधेबदल’ म्हणेन. गुजरातीतही ‘सांधो’ आहे, त्यामुळे आपल्या मुलांना तो परका वाटणार नाही. बडोदे संस्थानाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढला तेव्हा इंग्रजी शब्दांसमोर अनेक भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले होते. शेजारच्या भाषेत डोकावून शब्द ठरवायची ही आपल्या गावची जुनी रीत मला फार आवडते. एक काळजी घ्या: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेलाही लोक सांधेबदल म्हणतात, तेव्हा ‘चुंबकीय’ गाळू नका.

आता चादर. उलट दिशांच्या रेषा एकमेकींवर दाबल्या जातात तेव्हा त्यांच्या मधल्या अगदी पातळ थरातून विद्युतप्रवाह वाहतो. चादर म्हटलं की अंथरलेली, आडवी दिसते. हा थर स्फोटामागे उभा असतो. १० सप्टेंबर २०१७ च्या मोठ्या स्फोटात तो सूर्याच्या पश्चिम कडेवर त्याच्या पातळ बाजूने दिसला, म्हणून लांब, झळाळत्या रेघेसारखा. मी ‘पापुद्रा’ घेईन, भाकरीचा असतो तसा. तो फाटतो, हे त्यात मोलाचं. स्वीट आणि पार्कर या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात लांब, अखंड थराचं गणित मांडलं, तर सांधेबदल फारच संथ निघाला. प्रत्यक्षात स्फोट मिनिटांत भडकतो. पापुद्रा जागोजागी फाटून त्यात प्लाझ्माच्या गाठी बनतात आणि काम झपाट्याने होतं, असं आता मानलं जातं. नुसता ‘प्रवाह’ लिहिला तर मुलांना विश्वामित्री नदी आठवेल, ‘विद्युत’ जोडा.

भित्तिपत्रकावर असं लिहा: ‘स्फोटामागे विद्युत-पापुद्रा ताणला जातो, तो फाटतो आणि तिथे चुंबकीय रेषांचा सांधेबदल होतो.’ शेजारी लोकरीचे ते दोन धागे खरेच चिकटवा, गाठींसकट.