डोळे मिटले की दिसणारं चित्र

“मॅडम, दिवसभर काही नसतं. रात्री पाठ टेकली, डोळं मिटलं की नको नको ते दिसायलंय. मला येड लागायलंय का?”

सोलापुरात माझ्याकडे येणारे कितीतरी जण हाच प्रश्न आपापल्या शब्दांत विचारतात. त्यातल्या एका ताईंबद्दल लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अक्कलकोट रोडला घर, घराला लागूनच चादरीचे माग. घरात तेलुगू, बाहेर मराठी. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२च्या वर जातो, तेव्हा घरातले सगळे गच्चीवर झोपायचे. या मात्र सहा वर्षांच्या लेकाला घेऊन खाली उकाड्यात. कारण डोळे मिटले की लेक कठड्यावरून खाली पडताना दिसायचा. सासूबाईंना वाटलं बाहेरचं काहीतरी असेल, त्यांनी अंगारा लावला. नवऱ्याने सांगितलं, “विचारच करू नको.” त्यांनी तेही जीव तोडून केलं, पण चित्र रोज अधिकच ठळक होत गेलं.

दुसऱ्या भेटीत बराच वेळ पदराचं टोक पिळत बसल्या आणि मग म्हणाल्या, “तो आपोआप पडत नाही, मॅडम. मीच ढकलायले, असं दिसतंय.”

हे वाक्य त्यांनी महिनोन्‌महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलासोबत जिना चढणंही बंद केलं होतं. मी आधी आवश्यक ते विचारलं: कुणी तसं करायला सांगतंय असा आवाज येतो का? मुलाचा राग राग होतो का? जीव नकोसा वाटतो का? सगळ्याला त्यांचं उत्तर ‘नाही’ असंच होतं. उलट त्या चित्राने त्यांच्या अंगावर काटा येत होता. ज्याला खरंच इजा करायची असते त्याला असा घाम फुटत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ही इच्छा नव्हती आणि शकुनही नव्हता. जे सर्वांत जपायचं, त्याचीच भीती मन चित्रात दाखवतं. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी असे नकोसे विचार येतात हे कबूल केलं. फरक इतकाच, की ते लोक त्या विचारांचा अर्थ लावत बसत नाहीत.

मग रात्रीच का? दिवसा मागाच्या खडखडाटात मनाला उसंत नसते. शिवाय जाग आणि झोप यांच्या सीमेवर मेंदू आपसूकच चित्रं तयार करतो. ती हाकलायला गेलं की मन आतून सारखं तपासतं, ‘गेलं का?’ आणि तपासायला म्हणून ते पुन्हा समोर आणतं. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल काही डोक्यातून हटेना.

म्हणून आम्ही हाकलणं थांबवलं. चित्र आलं की मनात एवढंच म्हणायचं, ‘आलं ते चित्र’. उठून मुलाला चाचपायचं नाही, देवाचं नाव घेऊन ते पुसायचंही नाही. त्यानंतर मनाला दुसरं पाहायला द्यायचं. नुसते आकडे मोजून भागत नाही, कारण आकडे मोजताना डोळ्यांपुढची जागा रिकामीच राहते. या ताईंना चादरीची डिझाइन तोंडपाठ. मी म्हटलं, रोज एक चादर मनात विणा. आधी किनार. तिचा रंग कुठला? मग कोपऱ्यातली फुलं, एकेक पाकळी. मग मधला मोर, त्याच्या पिसाऱ्यात हिरवा किती, निळा किती. “मोरापर्यंत पोचतच नाही मी, कोपऱ्यातच झोप लागती,” असं त्यांनी पुढे सांगितलं. वीसेक मिनिटं झोप आलीच नाही तर अंथरुणातून उठायचं, मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परतायचं. झोपताना मोबाइलवर अपघातांचे व्हिडिओ पाहणं मी बंद करायला लावलं. ते कुणीच पाहू नयेत असं माझं ठाम मत आहे.

गच्चीची भीती मात्र दिवसाच मोडावी लागली. कठडा एकदाच नीट पाहून घेतला, पुन्हा तपासायचा नाही असं ठरलं. मग संध्याकाळी लेकाचा हात धरून वर जाणं, थोडं बसणं, हळूहळू तिथेच जेवणं.

सगळ्यांना एवढ्यावर भागत नाही. प्रत्यक्ष पाहिलेला अपघात महिना उलटूनही डोळ्यांपुढून जात नसेल, तपासण्यात-धुण्यात तास जात असतील, बाळंतपणानंतर भ्रम किंवा आवाज सुरू झाले असतील, किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच जा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.

ताईंना ते चित्र अजून अधूनमधून दिसतं, पण आता त्या गच्चीवर झोपतात. नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलंय. सासूबाईंना नाही, आणि मीही तसा आग्रह धरलेला नाही.