वाचक विचारतात : आफ्रिकेतले हत्ती

प्रश्न : मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत केनियातल्या अंबोसेलीला जायचं आहे. तेव्हा हत्तींचे मोठे कळप दिसतील का? (नाशिक)

हत्ती दिसतील, पण ज्या दृश्यासाठी एवढा खर्च करताय ते मिळेलच असं नाही. मार्चअखेर ते मे हा केनियातला मोठा पावसाळा. रानात जागोजागी पाणी आणि गवत असलं की कळप पांगतात. अंबोसेली उद्यान जेमतेम 392 चौरस किलोमीटरचं, भोवती कुंपण नाही, म्हणून ते बाहेरही जातात. त्यात चिखलात गाड्या रुततात आणि किलिमांजारो ढगांआड.

जुलै ते ऑक्टोबर बाहेरचं पाणी आटतं. किलिमांजारोवरून जमिनीखालून झिरपत आलेलं पाणी उद्यानातल्या दलदलींत मात्र बारमाही असतं. बरेच कळप सकाळी बाहेरून तिकडे येतात, दिवसभर पोटापर्यंत पाण्यात उभे राहून चरतात आणि संध्याकाळी परततात. त्यामुळे पहाटे सुटलेली गाडी दलदलीकडे येणाऱ्या वाटेवर हवी. डोंगरही तेव्हाच मोकळा दिसतो. दोन रात्री तरी राहा. एका रात्रीत नैरोबीहून चार-पाच तासांचा प्रवासच जास्त होतो.

सुट्टी बदलता येत नसेल तर बोट्स्वानातलं चोबे नदीकाठचं उद्यान बघा. तिथला पाऊस तोवर सरलेला असतो. नदीकाठची खरी गर्दी ऑगस्ट ते ऑक्टोबरमधली, पण मेमध्येही निराशा होऊ नये. जवळच्या कासाने गावाहून दुपारची बोट घ्या. नशिबात असेल तर सोंड वर धरून नदी पोहणारे हत्ती दिसतील.

केनियाचं ठरलं तर यलो फीवरची लस किमान 10 दिवस आधी घ्या आणि दाखला हातातल्या बॅगेत ठेवा. तो नसेल तर परतल्यावर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

प्रश्न : हत्ती गाडीवर धावून आला तर काय करायचं? तो चिडलाय हे आधी कळतं का? (कोल्हापूर)

बहुतेक वेळा कळतं, फक्त आपण कॅमेऱ्यात डोकं घालून बसलेलो असतो. चरणं थांबतं, डोकं वर होतं, कान पसरतात. पुढचा एक पाय अधांतरी झुलवत राहणं किंवा सोंडेचं टोक उगाच वळवत बसणं ही अस्वस्थतेची खूण आहे. इथेच मागे सरायला हवं.

नुसती धमकी असेल तर हत्ती कान पसरून, डोकं उंच धरून, चीत्कार करत येतो आणि मध्येच थांबतो. खरा हल्ला बहुधा मुकाट्याने होतो : डोकं खाली, कान मागे, सोंड आत वळवलेली. तरी या खुणांवर पैज लावू नये. धमकीचं रूपांतर खऱ्या हल्ल्यात होऊ शकतं.

माजावर आलेल्या नराला मोकळी वाट द्या, शंभर मीटरही कमीच समजा. आपल्याकडे गंडस्थळातून मद वाहिला की हत्ती माजावर आला म्हणतात. आफ्रिकेत हा नियम फसवतो, कारण तिथे उत्तेजित झालेल्या मादीच्या कानशिलावरूनही ओघळ येतात. नराच्या मागच्या पायांकडे बघा : मूत्र सतत ठिबकून पाय ओले झालेले असतात आणि उग्र दर्प येतो.

बहुतेक घोटाळे गाडी कुठे उभी केली यावरून होतात. आई आणि पिल्लू यांच्यामध्ये शिरू नका, पाण्याकडची वाट अडवू नका, निघायला रस्ता मोकळा राहील अशी गाडी लावायला सांगा. कळप आपणहून जवळून जात असेल तर इंजिन बंद ठेवून गप्प बसावं. ऐन वेळी इंजिन सुरू केलं की हत्ती दचकतात. संत्री, केळी मुक्कामावरच ठेवा, हत्तीला वास फार दुरून येतो. आणि ‘अजून जवळ घ्या’ म्हणून चालकाच्या मागे लागू नका. बक्षिसीच्या आशेने तो कधी कधी ऐकतो.

प्रश्न : आमच्याकडे दोडामार्गात सुळेवाला म्हणजे नर, हे पोरंही सांगतात. आफ्रिकेत नर-मादी कसे ओळखायचे? (सिंधुदुर्ग)

तिथे माद्यांनाही सुळे असतात, म्हणून कपाळ बघा. बाजूने पाहिल्यास मादीचं कपाळ कोनासारखं दिसतं, नराचं गोलाकार. मादीचे स्तन पुढच्या पायांमध्ये असतात. पिल्लू तिथेच लुचताना दिसेल. नराचे सुळे साधारणपणे जाड, मादीचे बारीक. एकटा किंवा दोघं-तिघं मोठे हत्ती असतील तर बहुधा नर. पिल्लांसह कळप असेल तर त्यातल्या मोठ्या माद्या.

प्रश्न : 600 मिमीची लेन्स भाड्याने घ्यावी का? (पुणे)

हत्तींसाठी नको. 100-400 पुरते, आणि हत्ती गाडीशेजारी आला की 24-70च कामी येते. अंबोसेलीची धूळ पिठासारखी बारीक असते, त्यामुळे लेन्स गाडीत बदलू नका. लेन्स टेकवायला बीनबॅगची रिकामी पिशवी न्या, तांदूळ तिथे भरा; उद्यानाकडे विमानाने जाणार असाल तर त्या छोट्या विमानात बहुधा 15 किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत.