उत्तर: आधी रकाने वेगळे करा, मग धर्माकडे या

इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षाचा अभ्यास कुठून सुरू करायचा, ही तुमची पोस्ट वाचली. अब्राहामपासून टिपणं काढायला घेतलीत, इसहाक-इश्माएल झाले, सुलेमानचं मंदिर झालं, रोमन झाले, क्रुसेड झाली, वही भरत आली आणि 7 ऑक्टोबर 2023 ची (हमासच्या इस्रायलवरच्या हल्ल्याची) बातमी अजून डोक्यावरूनच जातेय. शिवाय इस्रायल-अरब युद्धांचा एक तक्ता: 1948, 1956, 1967, 1973, 1982, आणि समोर 'कोण जिंकलं'. ही अडचण चांगली ओळखीची आहे. बहुतेक सगळे याच ठिकाणी अडकतात.

आधीच सांगतो, खाली लिहिलंय ती अभ्यासाची पद्धत आहे, कोण बरोबर कोण चूक याचा निकाल नाही. ती भांडणं करायला दुसरे धागे आहेत. बाल्फोर, सायक्स-पिको, ब्रिटिश मँडेट (म्हणजे 1948 आधीचं ब्रिटिशांचं राजकारण आणि राज्य) हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

सगळ्यात महागात पडते ती 'चार नकाशांची' पट्टी. तुम्हीही ती चिकटवलीय, फोटोत दिसली. 1946, 1947, 1949-67 आणि आत्ताचा, असे चार नकाशे, हिरवा रंग आक्रसत जातो. एका नामांकित क्लासच्या नोट्समध्येही ती वर्षानुवर्षं छापली जाते. तिथे कळवून पाहिलं, तर उत्तर आलं, "परीक्षेला एवढंच लागतं." असो. पट्टीतली गडबड अशी की प्रत्येक नकाशा वेगळीच गोष्ट मोजतो. पहिल्यात ज्यूंच्या नावावरची खाजगी जमीन एका रंगात (ती तेव्हा साधारण 6-7 टक्के होती) आणि उरलेलं सगळं दुसऱ्या रंगात. त्या उरलेल्यात सरकारी आणि पडीक जमीनही धरलेली. दुसरा नकाशा म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा 29 नोव्हेंबर 1947 चा फाळणीचा प्रस्ताव. तो कागदावरच राहिला. तिसऱ्यात लष्करी ताबा आहे, चौथ्यात इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ओस्लो करारानंतरचं प्रशासन. मालकी, प्रस्ताव, ताबा आणि प्रशासन एका माळेत ओवले की जो निष्कर्ष हवा तो निघतो. दुसऱ्या बाजूचा 'एवढंसं इस्रायल, एवढं मोठं अरब जग' हा नकाशाही तितकाच निरुपयोगी. त्यातून इजिप्त आणि सीरियाच्या भूमिका एकच होत्या असा भास होतो.

आपल्याकडे शेताच्या वादात सातबाऱ्यावर नाव एकाचं, कसतो दुसरा आणि बांधावरून जायची वहिवाट तिसऱ्याची असते. इथेही तसंच आहे. म्हणून तक्त्यातला 'कोण जिंकलं' हा रकाना काढा आणि तीन नवे घाला: रेषा कुठून कुठे सरकली, त्या जमिनीवर आज बंदोबस्त कोणाचा, आणि त्याला कोणी लेखी मान्यता दिली.

सुरुवात 1949 पासून करा. त्या वर्षी चार वेगळे युद्धबंदी करार झाले: इजिप्तशी फेब्रुवारीत, लेबनॉनशी मार्चमध्ये, जॉर्डनशी एप्रिलमध्ये, सीरियाशी जुलैमध्ये. इराकने सैन्य पाठवलं होतं, पण सही केलीच नाही. इजिप्तच्या करारात स्पष्ट लिहिलंय की ही रेषा राजकीय सीमा मानायची नाही. हे एक वाक्य कळलं की पुढचे कितीतरी वाद सुटे होतात. करार चार, म्हणून पानंही चार करा, आणि पाचवं पॅलेस्टिनींचं. ते कुठल्याच करारात पक्षकार नव्हते. सुमारे 7 लाख माणसं विस्थापित झाली, पण सह्या करायला त्यांच्या वतीने कोणी नव्हतं.

इजिप्तचं पान सोपं आहे. 1967 मध्ये सिनाई द्वीपकल्प इस्रायलकडे गेलं, 1979 च्या शांतता करारानंतर एप्रिल 1982 पर्यंत परत मिळालं, 'ताबा' नावाच्या गावाचा छोटा तुकडा लवादाकडे जाऊन 1989 मध्ये. जॉर्डनने वेस्ट बँक (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा भाग) 1950 मध्ये स्वतःत सामील केली, 1967 मध्ये गमावली, 1988 मध्ये तिच्यावरचा दावा सोडला आणि 1994 मध्ये करार केला. सीरियाच्या पानावर गोलन टेकड्या: 1974 ची सैन्य दूर करण्याची व्यवस्था, आणि 1981 मध्ये तिथे इस्रायलने लावलेला स्वतःचा कायदा.

लेबनॉनपाशी लोक हमखास घसरतात. इस्रायल 2000 च्या मे महिन्यात दक्षिण लेबनॉनमधून निघाला आणि संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी 'ब्लू लाइन' ही माघारीची रेषा आखली. तरी हिजबुल्ला ही लेबनॉनमधली सशस्त्र संघटना शेबा फार्म्सचं नाव घेते. तो तुकडा इस्रायलने 1967 मध्ये सीरियाकडून घेतला, लेबनॉन म्हणतो तो मुळात आमचा. 8 ऑक्टोबर 2023 ला हिजबुल्लाने पहिला मारा तिथेच केला, तो का, हे या पानाशिवाय कळत नाही.

आता धर्म. माझं ठाम मत (पटलं नाही तरी चालेल): भांडण का सुरू झालं हे धर्मावरून फारसं कळत नाही, ठराविक ठिकाणी ते का मिटत नाही हे मात्र धर्मावरूनच कळतं. झायोनिझम (ज्यूंसाठी स्वतंत्र राष्ट्र मागणारी चळवळ) उभारणारा हर्झल धार्मिक माणूस नव्हता. अनेक सनातनी रब्बींचा (ज्यू धर्मगुरूंचा) झायोनिझमला उघड विरोध होता. वेस्ट बँकमध्ये वस्त्या करणं हे धर्मकार्य मानणारी गुश एमुनीम ही चळवळ 1974 ची. पॅलेस्टिनींकडे सबंध भूमी वक्फ (इस्लामी धर्मादाय मालमत्ता) आहे असं लिहिणारी हमासची सनद 1988 ची. म्हणजे जमिनीला देवाचं नाव जोरात लागलं ते 1967 नंतर. तुमची वही मात्र ते पहिल्या पानावरच लावून मोकळी झाली.

धर्माचा अभ्यास एका आवारात करा: जेरुसलेमचं हरम अल-शरीफ, ज्यूंसाठी टेंपल माउंट. जागा जेमतेम 36 एकर. जून 1967 मध्ये ती जिंकल्यावर संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी आतला कारभार मुस्लिम वक्फ मंडळाकडेच ठेवला. हा वक्फ जॉर्डनचा, आणि जॉर्डनची खास भूमिका 1994 च्या करारात लेखी आहे. बाहेरची सुरक्षा इस्रायली पोलिसांची. मुघराबी दरवाज्याची किल्लीही इस्रायलकडे, आणि बिगर-मुस्लिमांना प्रवेश तिथूनच, ठराविक वेळेत. ठरलेली वहिवाट अशी की प्रार्थना मुसलमानांची, इतरांनी फक्त पाहून जायचं. गंमत म्हणजे त्याच दरवाज्याच्या वाटेवर मुख्य रब्बी मंडळाची सूचना असते की ज्यूंनी आत जाणं धर्माने निषिद्ध आहे, कारण शुद्धीचा विधी आज करता येत नाही. म्हणजे आत जावं की नाही, हा आधी ज्यूंमधलाच वाद आहे.

जुलै 2017 घ्या. 14 तारखेला आवारातून आलेल्या हल्लेखोरांनी दोन पोलिसांना मारलं. इस्रायलने आवार बंद केलं आणि दोन दिवसांनी उघडलं ते दारात मेटल डिटेक्टर लावून. वक्फच्या लोकांनी त्यातून जायला नकार दिला, हजारो लोकांनी बाहेर रस्त्यावर नमाज पढला. दहाएक दिवसांत डिटेक्टर निघाले. बाहेरचा माणूस विचारतो की शेजारच्या पश्चिमी भिंतीकडे (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाकडे) जाणारे रोज डिटेक्टरमधून जातात, मग इथे काय बिघडलं? बिघडलं ते हे की यंत्र वक्फला न विचारता बसवलं, आणि दारात यंत्र बसवणारा उद्या कोणाला आत सोडायचं तेही ठरवतो. सप्टेंबर 2000 ची तेव्हाचे विरोधी पक्षनेते एरियल शेरॉन यांची या आवाराला भेट वाचतानाही हाच रकाना उघडा ठेवा, आणि ऑगस्ट 2024 मध्ये एका मंत्र्याने इथे ज्यूंना प्रार्थनेची मुभा असल्याचं सांगितल्यावर पंतप्रधान कार्यालयाने 'वहिवाट बदललेली नाही' असा खुलासा लगेच का केला, तेही याच रकान्यातून पाहा.

दुसरं ठिकाण वेस्ट बँकमधलं हेब्रॉन शहर. अब्राहामची समाधी. तुमची जुनी टिपणं इथे उपयोगी पडतील: बायबलमधलं उत्पत्ती, अध्याय 23, चारशे शेकेल चांदीला गुहा विकत घेतल्याचा प्रसंग. तिथल्या ज्यू वस्तीचे लोक आजही त्या खरेदीचा दाखला देतात. 1994 मध्ये बारूख गोल्डस्टाइन या ज्यू वस्तीतल्या माणसाने तिथे 29 मुसलमानांना नमाजात मारल्यावर इमारतीचे दोन भाग झाले. इसहाकचं दालन मुस्लिमांकडे, आणि वर्षातले दहा-दहा दिवस संपूर्ण इमारत एकेका बाजूला. 1997 मध्ये शहराचेही एच-1 (पॅलेस्टिनींकडे) आणि एच-2 (इस्रायलकडे) असे दोन भाग पडले.

भारताबद्दल विचारलंय म्हणून थोडक्यात. 1947 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अकरा देशांच्या समितीत भारत होता. इराण आणि युगोस्लाव्हियासोबत त्याने फाळणीऐवजी संघराज्य सुचवलं आणि नंतर भारताने फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं. इस्रायलला मान्यता 1950 मध्ये, पूर्ण राजनैतिक संबंध 1992 मध्ये. आणि 'ज्यू' हा एकजिनसी गठ्ठा धरू नका. आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींच्या विवाहांवर तिथल्या रब्बी मंडळाने अटी घातल्या होत्या, आणि 1964 मध्ये संसदेला मध्ये पडावं लागलं.

शेवटची टीप. वहीच्या मागे दोन पंचांगं लिहून ठेवा. ज्यू कालगणनेत आपल्यासारखाच अधिकमास असतो, 19 वर्षांत सात वेळा, म्हणून पेसाख (ज्यूंचा वल्हांडण सण) वसंतातच राहतो. रमजान मात्र दरवर्षी साधारण 11 दिवस मागे सरकतो. 2022 आणि 2023 मध्ये दोन्ही एकाच वेळी आले, हरममध्ये गर्दी, पोलीस आणि दगडफेक त्या आठवड्यांत वाढली. 1973 चं युद्ध योम किप्पूरला (ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी) सुरू झालं, तो 10 रमजान होता. तारखेशेजारी सण लिहिलात की बातमी वाचताना अर्धं काम झालेलं असतं. वस्त्या आणि ए-बी-सी क्षेत्रांवर (ओस्लो करारात वेस्ट बँकचे पाडलेले तीन भाग) वेगळा धागा काढा, इथे लिहीत बसलो तर उत्तर संपायचं नाही.