चर्चवर ‘१८५०’ लिहायचं का?

प्रश्न : साक्री तालुक्यातल्या आमच्या गावात मंडळीचं जुनं चर्च आहे. विटांच्या हातभर जाड भिंती, मंगलोरी कौलं, दोन्ही बाजूंना टोकदार कमानीच्या खिडक्या आणि घंटेच्या जागी टांगलेला रेल्वेरुळाचा तुकडा. कोनशिला नाही. नाताळाआधी रंगकाम निघालंय आणि पोरं दारावर ‘स्थापना १८५०’ रंगवायचं म्हणताहेत. माझी आजी (जन्म १९३८) म्हणते, ‘‘मना बापनी इटा वाह्यात.’’ कुणाचं खरं? आणि आमच्या खिडक्या मशिदीसारख्या कशा?
– एक वाचक

उत्तर : आजीचं खरं धरा. तिचा बाप विटा वाहायच्या वयात आला असेल तो १९२०च्या पुढेमागे. म्हणजे पोरांच्या आकड्यापासून सत्तर वर्षं तरी अलीकडे या. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून माझी हयात गेली. ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून दाखवलेल्या कितीतरी भिंतींत मी सिमेंटचा सांधा पाहिलाय. जुनं म्हटलं की आपला हात सैल सुटतो.

तुमचा रूळच बघा ना. १८५०मध्ये हिंदुस्थानात गाडीच नव्हती. बोरीबंदर ते ठाणे पहिली धावली ती १८५३मध्ये. नंदुरबार-अमळनेरकडची ताप्ती व्हॅली रेल्वे तर १९००च्या सुमाराची. रूळ मागाहून टांगला असेल, असं पोरं म्हणतील, आणि त्यात चूक नाही. तरी शिडी लावून त्याची उभी बाजू तारेच्या ब्रशने घासा. रूळ ओततात, लाटतात तेव्हाच कारखान्याचं नाव आणि साल त्यावर उमटवलेलं असतं. गंज फार नसेल तर बोटालाही लागतं.

मग कौल. एक काढून उलटं करा, पाठीवर कारखान्याचा ठसा असेल. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला १८६५मध्ये. पहिल्या महायुद्धात हे जर्मन-स्विस मिशन सरकारच्या डोळ्यांवर आलं आणि कारखाने ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’कडे गेले. ठशात हे नाव निघालं तर ते कौल युद्धानंतरचं. मात्र वानरांच्या गावात कौलं दर दोन-चार वर्षांनी बदलतात, म्हणून एकाच कौलावर भिस्त ठेवू नका. आढ्याजवळची काढा, ती सहसा मूळची असतात.

मंडळीचे जुने कागद, बाप्तिस्म्याची वही सापडली तर मथळा वाचा. ‘पश्चिम खानदेश’ लिहिलं असेल तर तो कागद १९०६नंतरचा, कारण खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे त्या साली झाले. तुमच्या पट्ट्यात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले तेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. ही संस्थाच मुळी १८९०मध्ये शिकागोत निघाली.

आता खिडक्या. मशिदीसारख्या दिसतात, त्याचं नवल नाही. टोकदार कमान मुसलमानी बांधकामात आधी रुळली, युरोपात तिचा बोलबाला झाला बाराव्या शतकात. शिरपूर तालुक्यात थाळनेरला तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, तिथे जाऊन या. मग आपल्या बलसाण्याची जुनी देवळं बघा. तिथे कमान नाहीच. खांबावर दगडी तुळई. दगडाची तुळई फार लांब टाकता येत नाही, म्हणून खांबांची दाटी. देवळाला ते चालतं, कारण गाभाऱ्यात देव राहतो आणि आपण दर्शन घेऊन निघतो. चर्चमध्ये सगळी मंडळी एकाच वेळी बसून उपदेश ऐकणार, तिला मधे खांब नको. म्हणून भिंतीवरून भिंतीवर लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी. तुमच्या कैच्या सागाच्या असणार, डांगाचं जंगल काय लांब आहे! कैच्या भिंतीवर टेकतात तिथे, खिडक्यांच्या मधोमध, बाहेरून विटांचे धिरे दिले आहेत का बघा. ते शोभेचे नाहीत, भिंत बाहेर ढकलली जाऊ नये म्हणून आहेत.

आणखी एक, न विचारलेलं. वेदी पूर्वेला, दार पश्चिमेला, अशी जुन्या चर्चची रीत. खेड्यातल्या मिशन चर्चांनी बहुधा रस्ता बघून दार काढलं. होकायंत्र नको, सकाळच्या उपासनेला ऊन कुठून येतं ते पाळकांना विचारा.

रंगाबद्दल मात्र हात जोडून सांगतो. भिंत चुन्याची असेल तर चुनाच लावा. सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट मारलात की ओल आत कोंडते आणि चार पावसाळ्यांत विटांचा भुगा पडतो. माझ्याच हाताखाली एका धर्मशाळेची भिंत अशी गेली. तेव्हा अक्कल नव्हती.

दारावर काही लिहायचंच तर आजीच्या बापाचं नाव लिहा. आणि रुळावर काय निघालं ते कळवा.