सर्व्हर मोठा करण्याआधी एवढं बघा

भाऊ, सोलापूरच्या संक्रांतीतल्या गड्डा यात्रेच्या गर्दीत चादरींची साइट बंद पडली म्हणून लगेच दुप्पट प्लॅन घेऊ नका. आधी काय संपतंय ते बघा. गर्दी असतानाच सर्व्हरवर ‘एचटॉप’ लावा, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम किती वापरात आहे ते दाखवणारा प्रोग्राम. १ जीबीच्या मशीनवर बहुतेक वेळा प्रोसेसर निवांत असतो, रॅम भरून स्वॅप (रॅमऐवजी हळू डिस्क वापरणं) सुरू झालेला असतो.

मग या क्रमाने:

१. बॅकअप. दुसऱ्या मशीनवर उतरवून एकदा चालवून बघा, नाहीतर तो घेतलाच नाही असं समजा.

२. पेज कॅश, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून तेच सगळ्यांना देणं. तेच पान प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्याने शिजवून कशाला वाढायचं? कार्ट आणि चेकआउट मात्र वगळा, नाहीतर एकाची चादर दुसऱ्याच्या कार्टात दिसेल.

३. फोटो लहान करा.

तरीही पुरेना, तर रॅम वाढवा. डिस्कला हात लावू नका. वाढवलेली डिस्क बहुतेक ठिकाणी परत लहान करता येत नाही. रीसाइझला, म्हणजे मशीनचा आकार बदलायला, ते बंद करावं लागतं, म्हणून संक्रांतीच्या बऱ्याच आधी, पहाटे उरका.

हमखास होणारी चूक म्हणजे रॅम न मोजता पीएचपी-एफपीएमचे (साइटची पीएचपी पानं बनवणारा प्रोग्राम) ‘मॅक्स चिल्ड्रन’, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसची कमाल संख्या, वाढवणं. मीही केलीय, साइट आणखी लवकर झोपली. एक प्रोसेस ६० एमबी खात असेल तर त्यांच्यासाठी उरलेल्या ६०० एमबीत १०च बसणार.

लोड बॅलन्सरचं (गर्दी अनेक सर्व्हरांत वाटणारी यंत्रणा) नाव सध्या काढूच नका.