लंडनमध्ये आहे, प्रीमियर लीगचं तिकीट परवडत नाही. खालच्या लीगची मॅच बघायला जाण्यात मजा आहे का?

आहे की! मी तर म्हणेन शनिवारी सरळ पूर्व लंडनमधल्या इलफर्डला जा, एलिझाबेथ लाइनने सेव्हन किंग्ज स्टेशनला उतरायचं आणि क्रिकलफील्ड ग्राउंड गाठायचं, चालत जाता येतं. इलफर्ड एफसी तिथे खेळते. ग्राउंड साधंच, मध्ये रनिंग ट्रॅक असल्यामुळे पिच जरा लांब वाटतं, पण गर्दी इतकी कमी की डिफेंडर गोलकीपरला काय शिव्या घालतोय ते सुद्धा ऐकू येतं 😄

आणि आपल्यासाठी खरी गंमत म्हणजे 1948 च्या ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सशी इलफर्डमध्येच खेळला होता, 31 जुलैला, आपले बहुतेक प्लेयर अनवाणी, दोन पेनल्टी घालवल्या आणि 2-1 ने हरलो. त्या दोन पेनल्टींचं मला अजून वाईट वाटतं, जन्मही झाला नव्हता तरी.

अजून एक, इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या पाच डिव्हिजनमध्ये पिच दिसेल अशा जागी बिअर प्यायला कायद्याने बंदी आहे, त्याच्या खाली ती भानगड नाही. जाकीट मात्र जाडच घाल, नोव्हेंबरात तिथे उभं राहून पाय पार गारठतात.